नदीसाठी वेढा पडला, आणि मग नदीच निघून गेली : व्हिक्सबर्ग, १८६३

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

डॅलसहून अटलांटाला गाडीने निघालं की आय-२० सोडायचा नाही, बस. लुइझियानाचा शेवटचा टप्पा इतका सपाट आहे की डोळे मिटायला लागतात. मग मिसिसिपीवरचा पूल येतो आणि पलीकडच्या काठावर एकदम भिंतीसारखा कडा उभा राहतो, नदीपासून दोनेकशे फूट उंच. त्या कड्यावर मिसिसिपी राज्यातलं व्हिक्सबर्ग. गेल्या महिन्यात तिथे दोन दिवस राहिलो. मुलं पहिल्या तासात कंटाळली, बायको म्हणाली, "सगळ्या तोफा सारख्याच दिसतात." पण मी पडलो सांगलीचा. गाव नदीच्या वळणावर असलं की आधी ते वळण बघायचं, ही लहानपणापासूनची खोड. आणि इथे गंमत अशी, की ज्या वळणापायी हजारो माणसं मेली ते वळणच आता जागेवर नाही. त्यावर शेवटी येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेचा एक बेत होता मिसिसिपी नदी वरपासून समुद्रापर्यंत ताब्यात घेण्याचा. तसं झालं की टेक्सास, लुइझियाना, आर्कान्सा ही राज्यं बाकीच्या दक्षिणेपासून तुटली. टेक्सासची गुरं, लुइझियानाची साखर आणि मीठ, सगळी रसद नदी ओलांडूनच पूर्वेला जायची. एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स पडलं, जूनमध्ये मेम्फिस. मधल्या पट्ट्याला दोन कुलपं उरली: वर व्हिक्सबर्ग, खाली पोर्ट हडसन.

मे १८६२ मध्ये उत्तरेचं आरमार खालून वर आलं आणि १८ तारखेला गावाला शरण या म्हणून निरोप धाडला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्याचं उत्तर आलं, की मिसिसिपीच्या लोकांना शरण कसं जायचं ते माहीत नाही आणि शिकायचंही नाही. आरमार त्या उन्हाळ्यात हात हलवत परत गेलं. बरोब्बर एक वर्षाने, १८ मे १८६३ ला, उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँटची फौज गावाच्या दाराशी आली. पण नदीकडून नाही. मागून!

हे "मागून" जमवायला त्याला अर्धं वर्ष लागलं. नदी गावासमोर केसांच्या पिनेसारखी वळायची. बोटींना तिथे वेग कमी करावाच लागे, वर कड्यावर तोफा, आणि बोटीवरच्या तोफांची तोंडं तेवढी वर होत नसत. उत्तरेला याझू नदीची दलदल. डिसेंबर १८६२ मध्ये ग्रँटच्या हाताखालच्या शर्मनने तिथून चढाई करून पाहिली, चिकसॉ बायूला. त्याची १,७७६ माणसं मेली, जखमी वा बेपत्ता झाली, समोरच्यांची दोनशेच्या आत. त्याच सुमाराला ग्रँट जमिनीवरून खाली येत होता, तर दक्षिणेच्या घोडदळाने हॉली स्प्रिंग्जचं त्याचं कोठार जाळलं. गेला तसा माघारी. मग हिवाळाभर कालवे खण, ओढ्यांतून बोटी घाल, बांध फोड, असे नाना उद्योग. सगळे फसले. उत्तरेतली वर्तमानपत्रं त्याला काढून टाका म्हणत होती.

एप्रिलमध्ये त्याने जुगार खेळला. फौज पश्चिम काठाने चालत खाली नेली, आणि १६ तारखेच्या रात्री उत्तरेच्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याच्या बोटी दिवे मालवून थेट तोफांखालून सोडल्या. बॉयलरभोवती कापसाच्या गठड्या रचलेल्या. काठावरच्या पहारेकऱ्यांनी उजेडासाठी घरं पेटवली, नदी दिवसासारखी उजळली, गोळ्यांचा वर्षाव झाला. आणि एवढं होऊन 'हेन्री क्ले' ही एकच मालबोट गेली. ग्रँट वरच्या अंगाला बोटीवर बायकोमुलांसकट हे बघत उभा होता.

३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गला फौज पूर्व काठावर उतरली, सुमारे २२ हजार माणसं. ही जागा नकाशावरून कोणी शोधली नव्हती. तिथून पोर्ट गिब्सनला पक्का रस्ता जातो हे एका स्थानिक काळ्या माणसाने सांगितलं. त्याचं नाव इतिहासात नाही. पुढच्या १७ दिवसांत पाच लढाया: पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल, बिग ब्लॅक. गंमत बघा, ग्रँट आधी व्हिक्सबर्गकडे वळलाच नाही. पूर्वेला राज्याच्या राजधानीकडे गेला, रेल्वे तोडली, आणि मग वळला. पेंबर्टन, म्हणजे व्हिक्सबर्गचा सेनापती, उरलेली फौज घेऊन गावात शिरला आणि दार लावून बसला.

१९ आणि २२ मे रोजी ग्रँटने सरळ हल्ले केले. २२ तारखेला एका दिवसात त्याची ३,१९९ माणसं गारद. जखमी आणि मेलेले बुरुजांसमोर उन्हात पडून राहिले. २५ ला तह करून अडीच तास मढी उचलली. त्यानंतर कुदळ-फावडी. वेढा पडल्यापासून ४७ दिवसांनी, ४ जुलैला, गाव पडलं.

आता ते वळण. १८६२-६३ मध्ये उत्तरेने वळणाच्या मानेतून कालवा खणायचा दोनदा प्रयत्न केला, म्हणजे बोटी गावाला वळसा घालून परस्पर खाली जातील. जमलं नाही. युद्ध संपलं, अकरा वर्षं गेली, आणि एप्रिल १८७६ मध्ये मिसिसिपीने त्याच मानेतून आपणहून वाट काढली. गाव कोरड्यावर. शेवटी याझू नदीचा प्रवाह वळवून १९०३ मध्ये गावासमोर पाणी आणावं लागलं. आज कड्यावर उभं राहून खाली जे दिसतं ते त्या कालव्याचं पाणी आहे.

सदाशिवपेठी

छान लिहिलंय, पुढील लेखनाला शुभेच्छा. पण ४७ दिवस म्हणजे वेढा? आमची जिंजी आठ वर्षं लढली. ४७ दिवसांत आमच्या सोसायटीची टाकी दुरुस्त होत नाही.

कृष्णाकाठ

हा हा. मान्य. पण जिंजीला अधूनमधून वाटा उघड्या असत, आतबाहेर येणंजाणं चाले. इथे मागे नदी आणि त्यात बोटी, पुढे बारा मैलांची खंदकांची रांग. ग्रँटची फौज शेवटी ७७ हजारांवर गेली. आत तीस हजार शिपाई आणि गावातले काही हजार लोक. मांजर जायला वाट नव्हती.

रेवाक्का

शिपायांचं राहू दे रे, गावातल्या बायका-पोरांचं काय झालं ते सांग. तुम्ही लोक लढाई सांगता तेव्हा घरं नेहमी रिकामी असतात.

कृष्णाकाठ

अक्का, बरोबर पकडलंत. घरं खरोखरच रिकामी होती, कारण लोक टेकड्यांत गुहा खणून राहिले. पाचशेच्या आसपास गुहा. नदीतून उखळी तोफांचे गोळे रात्रंदिवस पडत. तोफखान्याच्या जेवणाच्या वेळा लोकांना पाठ झाल्या होत्या. तेवढ्या वेळात बाहेर येऊन पाणी भरायचं, चूल पेटवायची. काहींनी गुहेत गालिचे, पलंग, आरसे नेले. उत्तरेचे शिपाई गावाला प्रेअरी डॉगांचं गाव म्हणत, बिळात राहणारे म्हणून. एवढा भडिमार होऊन गावकऱ्यांपैकी मेले ते वीसच्या आत, हे या गुहांमुळेच.

पण गुहा खणल्या कोणी? बहुतेक गुलामांनी. एक गुहा खणून द्यायचे ३० ते ५० डॉलर पडत, आणि ज्याच्या हाताला फोड आले त्याला त्यातले किती मिळत असतील ते तुम्हीच समजा. गोळे पडत असताना विहिरीवर कोणाला धाडत, हेही त्या काळच्या मालकिणींच्या रोजनिशांत सहज लिहिलेलं सापडतं. त्यांना त्यात काही वावगं दिसत नसे.

पाटकरी

गुहांच्या मातीबद्दल. ती लोएस आहे, वाऱ्याने वाहून आणलेली बारीक पिवळट माती. तिचा गुण असा, की उभी कापली तर वर्षानुवर्षं उभी राहते, उतार देऊन कापली तर पावसात वाहून जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीत असली गुहा खणली असती तर पहिल्या वळवात सगळे आत गाडले गेले असते. कालव्याबद्दल सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

चकली

खायला काय होतं? मला नेहमी हाच प्रश्न पडतो.

कृष्णाकाठ

चवळी.

मस्करी नाही. दक्षिणेत जनावरांसाठी चवळी पिकवत. मका संपत आला तसं चवळी दळून त्याच्या पिठाच्या भाकऱ्या शिपायांना मिळू लागल्या. सगळ्यांची तक्रार एकच: बाहेरून दगड, आतून कच्ची. रबर म्हणा की चामडं म्हणा. शेवटी शेवटी रोज मूठभर चवळी नि तांदूळ. मग खेचराचं मांस. पाणीसुद्धा मोजून, एवढी मोठी नदी पायाशी आणि विहिरींवर पहारे.

चकली

चवळीच्या पिठाची जाड भाकरी होणारच नाही! त्याला चिकटपणा कुठे असतो. वरून पापुद्रा धरतो आणि आत वाफ जात नाही, म्हणून जितकं जास्त भाजाल तितकं बाहेरून कडक. पातळ धिरडी घातली असती तर निदान शिजली असती. अर्थात तव्याला लावायला तेल कुठून आणणार म्हणा.

ठोंब्या

इतिहासाच्या धाग्यावर चकलीताईंनी पाककृती टाकली. धागा सार्थकी लागला.

पाटकरी

मी नोकरीभर नद्यांच्या प्रतिकृतींवर काम केलं, खडकवासल्याला. व्हिक्सबर्गचं नाव आमच्या खात्यात रोजचं होतं, पण लढाईमुळे नाही. १९२७ च्या महापुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तिथे जलप्रवाहांची मोठी प्रयोगशाळा काढली. खडकवासल्याची त्याआधीची, १९१६ ची, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता ग्रँटचा कालवा का फसला. नदी वळते तेव्हा बाहेरचा काठ खात जाते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. त्यामुळे वळणाची मान दर वर्षी बारीक होते. मानेच्या वरच्या बाजूच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्याच्या पातळीत फरक असतो. तोच फरक नदी लांब वळसा घालून उतरते, आणि मानेतून गेली तर दीड-दोन मैलांत उतरेल. म्हणजे मानेतला उतार कितीतरी तीव्र. एकदा पुराचं पाणी मानेवरून जाऊ लागलं की ते स्वतःच खणत जातं, माणसाची गरज नाही.

मग १८६२ मध्ये पाण्याने का नाही खणलं? एक, पाणी उतरत होतं. दोन, कालव्याचं तोंड जिथे घेतलं तिथे मुख्य धार आदळत नव्हती, भोवरा होता. भोवऱ्यातलं पाणी कालव्यात जोराने शिरत नाही, गाळ मात्र टाकतं. तीन, तळाला चिकट चिकणमाती, ती सहजी कापली जात नाही. आमच्याकडे कालव्याच्या पाटावर नवीन माणूस आला की पहिली चूक हीच करायचा, तोंड धारेच्या काटकोनात घ्यायचा. १८६३ च्या मार्चमध्ये पाणी चढलं तेव्हा त्याने तोंडावरचा बांध फोडला आणि छावण्या बुडवल्या, पण कालवा खोल केला नाही. वाफेवर चालणारी दोन गाळ काढायची यंत्रं आणली, तर पलीकडून तोफा लागू झाल्या. आणि समजा झालाच असता पुरा, तरी दक्षिणेने खालच्या तोंडासमोर तोफा बसवल्या होत्याच. पहिल्या खेपेला तीन हजार शिपाई आणि बाराशेच्या आसपास गुलाम या कामावर होते. हिवताप, हगवण. किती मेले याचा नीट हिशेब गुलामांच्या बाबतीत कोणी ठेवला नाही.

ठोंब्या

काका, म्हणजे ग्रँटने तेरा वर्षं थांबायला हवं होतं?

पाटकरी

नद्यांच्या कामात तेरा वर्षं म्हणजे एका फायलीचा प्रवास.

खडूस काका

धाग्यात ग्रँटची आरती जरा जास्त झाली आहे. याच ग्रँटने १७ डिसेंबर १८६२ ला हुकूम क्रमांक ११ काढून आपल्या हद्दीतल्या सगळ्या ज्यूंना हाकललं होतं. कारण काय, तर कापसाचा चोरटा व्यापार. व्यापार करत सगळेच होते, खुद्द त्याचे अधिकारीही. बायकामुलांसकट हाकललं एका समाजाला. लिंकनने जानेवारीत तो हुकूम मागे घ्यायला लावला. हे त्या तोफांच्या बागेत (रणभूमीवरच्या राष्ट्रीय उद्यानात) कुठे लिहिलेलं दिसलं का?

दुसरं, मिलिकेन्स बेंड. ७ जून, व्हिक्सबर्गच्या वरच्या अंगाला. नुकत्याच भरती केलेल्या, धड बंदूकही चालवायला न शिकलेल्या काळ्या शिपायांवर टेक्सासच्या फौजेने हल्ला केला. संगिनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी हातघाईची लढाई झाली. नववी लुइझियाना पलटण जवळजवळ चिरडली गेली, पण हटली नाही. काळे लढतील का, या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. तुमच्या लेखात याला एक ओळ नाही.

कृष्णाकाठ

दोन्ही मुद्दे मान्य, काका. हुकूम ११ मला माहीत होता, लिहायला हवा होता. मिलिकेन्स बेंड सुटलं ही चूकच. मूळ लेख आता बदलत नाही, लोक तुमचा प्रतिसाद वाचतीलच.

वऱ्हाडी झणका

कापसाचं नाव निघालं म्हणून. आमच्या पणजोबांच्या वेळच्या गोष्टीत "अमेरिकेची लढाई" हा शब्द यायचा, मला वाटायचं महायुद्ध. नंतर कळलं की ही १८६१-६५ ची. मँचेस्टरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. दक्षिणेला वाटलं आपण कापूस अडवला की इंग्लंड गुडघे टेकेल, म्हणून सुरुवातीला त्यांनीच माल रोखून धरला. मग उत्तरेच्या आरमाराने बंदरं बंद केली. आणि गिरण्यांचे डोळे लागले मुंबईकडे, म्हणजे खान्देश-वऱ्हाडकडे. हिंगणघाटचा कापूस नाव घेऊन विकला जायचा. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा कथा सांगतात, त्यातलं निम्मं सोडून द्या, तरी पैसा आला हे खरं.

मग प्रश्न: व्हिक्सबर्ग पडलं तेव्हा मुंबईत भाव कोसळले का?

सदाशिवपेठी

नाही. भाव १८६४ मध्ये चढेच होते. तेव्हा लंडनहून थेट तारही नव्हती, ती १८६५ ची. बातमी बोटीने यायची. आणि व्हिक्सबर्ग पडलं म्हणून कापूस मोकळा झाला नाही, बंदरांची नाकेबंदी चालूच होती, शेतं उजाड, मजूर पळालेले. कोसळले ते १८६५ च्या वसंतात, युद्ध संपल्यावर. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस आला आणि मुंबईत मोठमोठे आडवे झाले, कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदसुद्धा. बॅकबेचा समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपनीच्या शेअरांचे कागद झाले. जे लगेच पडलं ते युरोपात: कापूस तारण ठेवून दक्षिणेने मार्च १८६३ मध्ये कर्जरोखे विकले होते, अर्लँजर रोखे. व्हिक्सबर्ग आणि गेटिसबर्गची (त्याच दिवसांतली उत्तरेची दुसरी मोठी जीत) बातमी पोचल्यावर त्यांची घसरगुंडी झाली. बाजाराला नदीचं महत्त्व सेनापतींपेक्षा लवकर कळतं.

गडकिल्लेवाला

सुरुंग लावले होते म्हणे? त्यावर लिहा ना.

कृष्णाकाठ

हो, थर्ड लुइझियाना रेडान नावाच्या बुरुजाखाली. फौजेतले खाणकामगार निवडून काढले, शिसं-कोळसा खणलेली माणसं. बुरुजाखाली बोगदा, त्यात २,२०० पौंड दारू. २५ जूनला दुपारी बत्ती दिली. बुरूज उडाला, मोठा खड्डा पडला, इलिनॉयचे शिपाई त्यात उतरले आणि अडकले. दक्षिणेने मागे आधीच दुसरी भिंत घालून ठेवली होती. वरून पेटते गोळे हाताने खड्ड्यात लोटत होते. रात्रभर तेच. हाती काही लागलं नाही.

एक गोष्ट मात्र ग्रँटने स्वतः लिहून ठेवली आहे. आतून प्रतिसुरुंग खणायला लावलेल्यांपैकी एक काळा मजूर स्फोटाने उडून उत्तरेच्या बाजूला येऊन पडला. जिवंत! किती वर गेला होतास विचारलं तर म्हणाला, तीनेक मैल असेल. त्याचं नाव एब्रहॅम. उडाला तेव्हा गुलाम होता, पडला तो मोकळ्या बाजूला.

गडकिल्लेवाला

अहो, हे तर आमच्या सातारच्या प्रयागजी प्रभूंसारखं झालं. १७०० साली औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात किल्लेदार प्रयागजी ढिगाऱ्याखाली गेले, उकरून काढले तर जिवंत. दुसरा सुरुंग बाहेरच्या अंगाला फुटला आणि तट मोगलांवरच कोसळला, दोनेक हजार माणसं गेली. सुरुंग हे असंच काम, कोणाच्या अंगावर येईल नेम नाही.

ठोंब्या

पेंबर्टन फितूर होता असं एका ठिकाणी वाचलं. खरं का?

कृष्णाकाठ

दक्षिणेत तेव्हाही तसंच बोलत, कारण माणूस जन्माने फिलाडेल्फियाचा, म्हणजे पक्का उत्तरेचा. बायको व्हर्जिनियाची, तिच्या बाजूने दक्षिणेत गेला. दोन धाकटे भाऊ उत्तरेकडून लढत होते. आता असा माणूस गाव शत्रूला देतो, तेही ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी! लोक काय म्हणणार? त्याचं म्हणणं होतं की त्या दिवशी मागितलं तर उत्तरेवाले खुशीत जास्त सवलत देतील.

माझं मत विचाराल तर तो फितूर नव्हता, दोन मालकांचा नोकर होता. दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिस म्हणे काही झालं तरी व्हिक्सबर्ग सोडू नकोस (त्याचा स्वतःचा मळा तिथून खाली वीसेक मैलांवर होता, हे उगाच आठवलं). वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन म्हणे गाव सोड, फौज वाचव. पेंबर्टनने थोडं याचं ऐकलं, थोडं त्याचं, आणि चॅम्पियन हिलला मधल्यामध्ये सापडला. जॉन्स्टन बाहेर तीस हजारांची फौज घेऊन बसला होता, सोडवायला आलाच नाही. नंतर पेंबर्टनने जनरलपद सोडलं आणि साधा लेफ्टनंट कर्नल होऊन तोफखान्यात नोकरी केली. फितूर माणूस हे करत नाही.

२८ जूनच्या तारखेचं एक निनावी पत्र त्याला आलं होतं, खाली सही "अनेक शिपाई". मतलब असा, की खायला घालता येत नसेल तर आम्हाला शत्रूच्या हवाली करा. त्यानंतर आठवडा काढला त्याने.

खडूस काका

आणि ग्रँटने साडेएकोणतीस हजार कैदी शपथेवर सोडून दिले, "पुन्हा लढणार नाही" म्हणून. त्यातले बरेच पुन्हा लढले.

कृष्णाकाठ

हो, पण एवढे लोक उत्तरेला न्यायचे तर सगळ्या बोटी महिनोन्महिने त्यातच अडकल्या असत्या. तोफा १७२ मिळाल्या, बंदुका हजारोंनी. आणि उपाशी माणसं मोकळी सोडली की ती आधी घरी जातात, हेही त्याला कळत होतं. शरणागतीच्या दिवशी त्याच्या शिपायांनी आपल्या पिशवीतल्या भाकऱ्या समोरच्यांना वाटल्या. ९ जुलैला खालचं कुलूप पोर्ट हडसनही उघडलं. १३ तारखेला लिंकनने ग्रँटला पत्र लिहिलं, की नदी उतरून तू बिग ब्लॅकच्या पूर्वेने उत्तरेकडे वळलास तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं. तू बरोबर होतास, मी चूक. आपल्याकडे कोणत्या वरिष्ठाने असं पत्र लिहिल्याचं कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

चकली

वर्तमानपत्र भिंतीच्या कागदावर छापायचे ते याच गावात ना?

कृष्णाकाठ

हेच. 'डेली सिटिझन'. कोरा कागद संपला तेव्हा घरात भिंतीला लावायचा फुलाफुलांचा कागद घेऊन पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर छापत. २ जुलैच्या अंकात संपादकाने ग्रँटची टर उडवली: साहेब म्हणे ४ जुलैला व्हिक्सबर्गात जेवणार, आधी ससा पकडा, मग रस्सा करा. ४ तारखेला उत्तरेचे शिपाई छापखान्यात शिरले तर ते खिळे तसेच जुळवून ठेवलेले. त्यांनी खाली एक परिच्छेद जोडला, की दोन दिवसांत फार बदल होतात, ग्रँटने ससा पकडला आहे, आणि अंक छापून टाकला. त्याच्या पुढे इतक्या नकला निघाल्या की मूळ प्रत ओळखणं हा एक धंदाच आहे. मला संग्रहालयाच्या दुकानात पिवळट कागदावरची नक्कल मिळाली, मागे फुलंबिलं काही नाहीत.

रेवाक्का

त्या गावाने म्हणे ऐंशी वर्षं ४ जुलै साजरा केला नाही?

खडूस काका

गोऱ्या गावाने. काळ्या गावाने केला. त्यांच्यासाठी तो सुटकेचा दिवस होता. "गावाने केला नाही" म्हणताना गाव कोणाला धरता ते बघा.

कृष्णाकाठ

काकांनी नेमकं सांगितलं. अक्का, तुमच्यासाठी एक जागा. बागेच्या उत्तर टोकाला राष्ट्रीय स्मशानभूमी आहे, सुमारे सतरा हजार शिपाई. त्यातले तेरा हजारांच्या आसपास बेनाव. नाव माहीत असलं की उंच दगड. नसलं की टीचभर चौकोनी ठोकळा, त्यावर नुसता आकडा. सातेक हजार थडगी काळ्या पलटणींची. मुलगा तोफांना कंटाळला होता तो इथे ठोकळे वाचत पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावरून खाली गेला. त्याला सांगितलं की ग्रँटचा बारा वर्षांचा पोरगा फ्रेड या मोहिमेत बापाबरोबर होता, बिग ब्लॅकला पायाला गोळी चाटून गेली त्याच्या. मुलाने विचारलं, मग त्याची शाळा?

पाटकरी

एक विचारायचं राहिलं. गावात नदीकाठी पुराच्या खुणा आहेत का कुठे?

कृष्णाकाठ

आहेत ना काका. जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीवर पातळ्या रंगवल्यात. १९२७ ची ५६ फुटांवर, आणि सगळ्यात वर २०११ ची, ५७.१ फूट. मी तिथे बराच वेळ उभा होतो. २०१९ ला आमच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, घरात गळ्याएवढं पाणी होतं. बायकोला म्हटलं, बघ, आकडा तोच.

पाटकरी

आकडा तोच असेल, पण दोन्ही मापपट्ट्यांचा शून्य वेगवेगळ्या पातळीला आहे. अशी तुलना करत जाऊ नका.